होडीत जाळं नव्हतं

हेमचंद्र सरांनी किर्तीला ते बेट सोपवलं ते असंच, चहाचा कप हातात घेऊन, तिच्या टेबलाशी उभं राहून.

"युरोपला आता सगळेच जातात," ते म्हणाले. "आपल्या लोकांना जगावेगळं काहीतरी हवंय. वेल्सच्या टोकाला एक बेट आहे, अँगलसी. छोटी गावं, किल्ला, दीपगृहं, किनारे. साठ पानांची मराठी पुस्तिका कर. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत्ता उठावं आणि बॅग भरावी."

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची सहल कंपनी होती. किर्ती तांडेल तिथं दीड वर्षापासून माहितीपत्रकं लिहीत होती. विमानात ती कधी बसली नव्हती. पण पुण्याला राहून मराठी घेऊन एम. ए. केल्यावर सहा महिने घरी बसून काढलेल्या मुलीला ही नोकरी म्हणजे मोठीच गोष्ट वाटली होती. जाहिरात आईनं आणून दिली होती. आई, राधाबाई, कुलाब्याच्या बाजारात मासळी विकायची. "माझ्या एका गिऱ्हाइकानं दिली," एवढंच ती म्हणाली होती. किर्तीनं अर्ज केला, दोन पानी लेखी चाचणी दिली आणि आठवड्यात तिला बोलावणं आलं. त्या दोन पानांचा तिला अजून अभिमान होता.

बेटाचं काम तिच्या हाताला लगेच बसलं. आधीची माहितीपत्रकं लिहिताना राजवाडे आणि बर्फाच्छादित शिखरं तिला उसनी वाटायची. इथं मात्र पानापानावर समुद्र होता, आणि समुद्र तिला नवा नव्हता. कफ परेडच्या मच्छीमार नगरात त्यांच्या घराच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर बोंबील वाळत घातलेले असायचे. नकाशा उघडून ती बेटाच्या कडेकडेनं निघाली. बोमॅरिसचा किल्ला, खंदकासकट जसाच्या तसा, पण कधीच पुरा न झालेला. पेनमॉनचं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. उत्तरेला तांबं काढून काढून आतून लाल-पिवळा झालेला डोंगर. अॅबरफ्राउजवळचं एक इवलंसं चर्च, भरतीच्या वेळी चहूबाजूंनी पाण्यात एकटं उभं राहणारं. आणि ते गाव, ज्याचं नाव अठ्ठावन्न अक्षरांचं. स्टेशनच्या त्या लांबलचक पाटीखाली उभं राहून जो तो फोटो काढतो. तिथल्या भाषेतला 'ल'सारखा एक आवाज जीभ दातांमागे टेकवून बाजूनं हवा सोडून काढायचा असतो, हे तिनं व्हिडिओ बघून बघून शिकून घेतलं. ऋता, तिची वरिष्ठ, हसून म्हणाली, "अगं, मांजर फिसकारतंय असं वाटतं."

एकदा संध्याकाळी तिनं बापाला फोनवर मेनाईच्या सामुद्रधुनीचा फोटो दाखवला. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला तो चिंचोळा पट्टा, वरून दोन पूल. लहू तांडेल दारात बसून कुणाचंतरी फाटलेलं जाळं शिवत होता. त्यानं सुई बाजूला ठेवली आणि फोन डोळ्यांपासून लांब धरला.

"हितं पानी दोन्ही तोंडांनी येत असंल," तो म्हणाला. "मधी येऊन टकरतं. हे बघ, या खडकापाशी कसं फिरतंय. हितनं होडी न्यायची तर भरती नि ओहोटीच्या मधी जो थोडा वेळ पानी थांबतं ना, तेवढ्यातच. चुकलास तर गेलास."

किर्तीनं इंग्रजी पानं पुन्हा उघडून पाहिली. अगदी हेच लिहिलं होतं तिथं, नौकांना दिलेल्या सूचनांमध्ये. तिनं बापाचं वाक्य जसंच्या तसं पुस्तिकेत घातलं. त्यानंतर ती रोज एखादा फोटो दाखवायची आणि तो त्यातलं पाणी वाचून दाखवायचा. दोन वर्षांत पहिल्यांदाच लहू घरात एवढा बोलत होता.

दोन वर्षांपूर्वी तो नाखवा होता. स्वतःची होडी, दोन खलाशी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायला चार दिवस होते. होडी रंगवून, इंजिन नीट करून पाण्यात उतरवली होती. जाळं अजून घरीच होतं. दुपारी चारच्या सुमाराला शेजारच्या रामजीनं किनाऱ्यावरून बघितलं, तर खडकांच्या पलीकडे एक छोटी मोटरबोट आडवी झालेली आणि पाण्यात डोकी. समुद्र चांगलाच उसळलेला होता. लहू नि रामजी होडी घेऊन गेले. सात जणांना त्यांनी बाहेर काढलं, एकालाही जाऊ दिलं नाही. वाढदिवसाची मंडळी होती कुठलीतरी. त्यांना जवळच्या धक्क्यावर उतरवलं, तिथं गाड्या आल्या, माणसं निघून गेली. लहू परत फिरला तर गस्तीची बोट समोर. बंदीच्या काळात यांत्रिक होडी समुद्रात का, या एका प्रश्नावर होडी ताब्यात गेली. कागदावर लिहिलं गेलं: मासेमारीसाठी बाहेर पडला.

"होडीत जाळं नव्हतं साहेब," लहू म्हणाला होता. साहेबांनी सांगितलं, रामजी तुमच्याच होडीतला, वाचवलेल्यांपैकी एकाला आणा, जबाब घेऊ, होडी सोडू.

असा एकही जण आला नाही. होडी सरकारी धक्क्याला बांधलेली राहिली. एक पावसाळा तिनं तिथं काढला, मग दुसरा. फळ्या उकलल्या, इंजिन गंजलं, शेवटी ती बुडायला आली म्हणून तिथल्याच लोकांनी फोडली. किर्ती तेव्हा पुण्याला होती. घरी आली की ती बापाला बोलायची, "तुम्ही शोधत का नाही त्या लोकांना? पेपरात जा. वकील गाठा." लहू मान हलवायचा. "समुद्रात पडलेल्याला काढायचा अस्तो. त्याचं नाव नाय इचारत." तिला त्या उत्तराची चीड यायची. बाप खचलाय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुस्तिकेत पूर्व किनाऱ्यावरचं मॉयल्व्रे नावाचं गाव आलं, तेव्हा ती दोन दिवस तिथंच अडकून पडली. गाव म्हणजे दगडगोट्यांचा लहानसा किनारा, पांढरी घरं, वर चढणारा एक रस्ता. दीडेकशे वर्षांपूर्वी तिथं एक मोठं जहाज वादळात फुटलं होतं आणि चारशेहून अधिक माणसं किनारा दिसत असताना बुडाली होती. गावात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या बोटीचं ठाणं आहे, आणि जवळच एक ब्रॉन्झचा नावाडी उभा आहे. अंगात वादळात घालायचे कपडे, दोन्ही हात सुकाणूच्या चाकावर, तोंड समुद्राकडे. याच गावचा माणूस. वादळात बोट घालून माणसं काढून आणणारा.

किर्तीनं ते पान एका बैठकीत लिहून काढलं. हेमचंद्र सरांनी ते वाचलं आणि बराच वेळ कागद हातात धरून ठेवला.

"हे जरा लांबलं नाही का?" ते म्हणाले. "लोक मजा करायला जातात गं."

"सर, अख्ख्या पुस्तिकेतलं हेच सगळ्यात चांगलं पान आहे," ऋता म्हणाली.

"असू दे मग," सर म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

पुस्तिका छापून आली. पहिल्या पानावर किर्तीचं नाव होतं. सहलीची माहिती द्यायला दादरच्याच एका छोट्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम ठेवला होता. पडद्यावर चित्रं दाखवायची आणि किर्तीनं बोलायचं, असं ठरलं. बाबांनी यावं म्हणून तिनं हट्ट धरला. लहू नको नको म्हणत होता. माझं काय काम, कपडे नाहीत, गुडघा दुखतो, अशी एकेक कारणं काढत होता. शेवटी राधाबाई म्हणाली, "जावा हो. पोरीचा दिस हाय. मागल्या खुर्चीत बसा नि या."

तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात लग्नकार्यात घालायच्या वहाणा. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला.

सभागृह भरलं होतं. बहुतेक निवृत्त जोडपी. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी वैशालीताई होत्या. किर्ती बोलायला उभी राहिली आणि तिची भीड पाचव्या मिनिटाला गेली. तिनं लोकांना साउथ स्टॅकच्या चारशे पायऱ्या उतरवून दीपगृहापाशी नेलं, कड्यावरच्या पक्ष्यांचा वास सांगितला, ओहोटीला वाळूतून चालत लानद्विनच्या टापूवर नेलं. भरतीला वाट बंद होते म्हणून घड्याळ बघायला सांगितलं. त्या लांब नावाच्या गावाचं नाव तिनं एका दमात म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग मॉयल्व्रे आलं. पडद्यावर तो नावाडी उभा राहिला आणि किर्तीनं ते पान वाचलं.

वाचून झाल्यावर तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले.

"याला म्हणतात संस्कृती," ते म्हणाले. "साध्या खलाशाचा पुतळा उभा करतात. आपल्याकडे कुणी बुडत असला तर लोक मोबाइल काढून शूटिंग करतात. आपल्याकडे असा एक माणूस दाखवा."

माना डोलल्या. कुणीतरी "खरंय, खरंय" म्हटलं. किर्तीच्या हातात ध्वनिक्षेपक होता. तिनं तो खाली ठेवायला हवा होता, हे तिला नंतर शंभरदा वाटलं.

"दाखवते ना," ती म्हणाली. "या सभागृहातच आहेत."

आणि तिनं सांगितलं. कफ परेडचा किनारा, उसळलेलं पाणी, सात माणसं. जाळं नसलेली होडी. ताब्यात गेलेली, कुजून फुटलेली होडी. जबाब द्यायला न आलेली ती सातही माणसं. "माझे वडील, लहू तांडेल," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत बसलेत."

सगळं सभागृह मागे वळलं. पडद्याच्या यंत्राशी उभे असलेले हेमचंद्र सर मात्र वळले नाहीत. वैशालीताई खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

लहू सावकाश उठला. समोरच्या खुर्चीच्या पाठीला त्यानं धरलं होतं.

"नाय," तो म्हणाला. "पोरीची तशी समजूत झालीय. ती पुण्याला होती तवा. तिला काय म्हाईत नाय." त्यानं घसा साफ केला. "मी मासं मारायलाच गेलो होतो. बंदी होती, पन पोटाला पायजे. पकडला मना. कागदावर लिवलंय ते खरंच हाय."

"बाबा," किर्ती म्हणाली. "जाळं घरी होतं."

"होडीत होतं जाळं," लहू म्हणाला आणि खाली बसला.

कुणी कुणाकडे बघावं ते लोकांना कळेना. मग हेमचंद्र सर हसले, अगदी मऊ, घरगुती हसू. "मुलींना आपले वडील हिरोच वाटतात," ते म्हणाले. "माझ्या मुलीलाही वाटतं. चला, बाहेर चहा आणि बटाटेवडे तयार आहेत."

लोक सुटल्यासारखे हसले आणि उठले. ते मघाचे गृहस्थ जाता जाता किर्तीला म्हणाले, "बोलतेस छान हो. पण भावनेच्या भरात वाहवत जाऊ नकोस."

लहू रस्त्यावर पोचला होता. किर्तीनं त्याला गाठलं ते चौपाटीपाशी. अजून उजेड होता. लग्नकार्यातल्या त्या वहाणांनी त्याची टाच सोलली होती. तो कठड्यावर बसला आणि वहाणा काढून शेजारी ठेवल्या.

"का खोटं बोललात?" तिनं विचारलं. "तुमचं सोडा. मला तिथं खोटारडी केलंत."

लहू समुद्राकडे बघत राहिला. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता.

"त्या सात जनांत तुजा साहेब होता," तो म्हणाला. "नि त्याची बायको. बोट त्याचीच. पावसाळ्यात काढायची परवानगी नव्हती. साक्ष दिली असती तर त्याचा धंदा बसला असता. बाई घरी आली होती तुज्या आयकडं, दोन महिन्यांनी. फळं घेऊन. रडली. म्हनाली, साक्ष सोडून काय पन मागा."

किर्ती त्याच्या शेजारी कठड्यावर टेकली.

"मी लई इचार केला. जबाब ते देनार नव्हतेच. होडी जानारच होती. तू घरात बसून होतीस, तोंड बारीक करून. मी म्हटला, पोरीला लावा कुठं तरी. नि मी पन कुठं नाव घेनार नाय." त्यानं टाचेवरून बोट फिरवलं. "शब्द दिला होता. आज तू मना उभा केलास तवा तो समोरच होता."

"आणि माझी परीक्षा? मी दोन पानं लिहिली होती."

"ते मना नाय ठावं, बाय."

सोमवारी सकाळी तिनं ऋताला विचारलं, "मी नोकरीला लागताना चाचणी दिली होती, ती तुम्ही वाचली होती ना?"

"कसली चाचणी?" ऋता म्हणाली. "सरांनी सांगितलं, पंधरा तारखेपासून एक मुलगी येणार आहे, टेबल लावून ठेव. एवढंच." मग किर्तीचा चेहरा बघून ती घाईघाईनं म्हणाली, "पण तू चांगलंच लिहितेस गं."

केबिनमध्ये सर उभे राहिले. तिच्यासाठी ते कधी उभे राहत नसत. "बस," ते म्हणाले. "मला माहीत होतं तू येशील."

"जबाब द्या, सर," किर्ती म्हणाली. "आत्ता द्या. होडी गेली, पण नोंद तरी बदलेल. बाबांच्या नावावर गुन्हा आहे, नवीन होडीला परवाना मिळत नाही."

सरांनी चष्मा काढला. ते दुष्ट दिसत नव्हते. तसे दिसले असते तर तिला सोपं गेलं असतं. "मी त्या दिवसानंतर पाण्यात उतरलेलो नाही," ते म्हणाले. "आंघोळीलासुद्धा डोक्यावरून पाणी घेताना मला धाप लागते. तुझे वडील मला रोज आठवतात. पण आता जबाब दिला, तर दोन वर्षं का गप्प बसलास, असं विचारतील. इथे वीस माणसं काम करतात. तू पण आहेस त्यात. आणि परवा त्यांनी स्वतः शंभर लोकांसमोर सांगितलंय."

"तुमच्यासाठी सांगितलं त्यांनी."

"माझ्यासाठी नाही," सर म्हणाले. "तुझ्यासाठी." चष्मा पुन्हा घालत ते म्हणाले, "एक सुचवू का? सहलीत एक जागा आहे. त्यांना घेऊन जाऊ. ते बेट त्यांना बघायला आवडेल."

किर्ती उठून बाहेर आली.

जिन्यात वैशालीताई भेटल्या, जणू वाटच बघत होत्या. त्यांनी तिचा हात धरला. "मला केसांना धरून ओढलं गं त्यांनी वर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी दोनदा खाली गेले होते. तिसऱ्यांदा आले नसते."

"मग एकदा जाऊन सांगा की एवढंच," किर्ती म्हणाली.

वैशालीताईंनी हात सोडला. "मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचं बघावं लागतं."

किर्तीनं राजीनामा लिहिला. चार ओळींचा. घरी जाऊन तिनं तो बापासमोर ठेवला. राधाबाई स्वयंपाकघरातून बघत होती, मधे पडली नाही. लहूनं कागद वाचला. त्याला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलायचे.

"दे," तो म्हणाला. "तुजी मर्जी. फक्त मंग होडी फुकट गेली, नि परवा मी बोललो ते पन फुकट." त्याच्या आवाजात राग नव्हता. "एक तरी कायतरी राहू दे त्यातलं."

तो कागद तिनं फाडलाही नाही नि दिलाही नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला गेली.

बेटाची सहल पुरी भरली. ठरल्या दिवशी तीस माणसं विमानानं गेली आणि दहा दिवसांनी खूश होऊन आली. पुस्तिकेची सगळ्यांनी तारीफ केली. सरांनी दुसरी आवृत्ती काढायला सांगितली आणि मॉयल्व्रेचं पान अर्धं केलं. किर्तीनं काय ठेवायचं नि काय काढायचं ते विचारलंसुद्धा नाही. ऋतानं तिच्याकडे पुढचं काम दिलं, स्कॉटलंडच्या वरच्या बाजूची बेटं. तिथंही कडे होते, पक्षी होते, दोन बेटांमधून धावणारं पाणी होतं.

त्या पाण्याचे फोटो तिच्या फोनमध्ये होते. संध्याकाळी घरी आली की ती जेवायची आणि आतल्या खोलीत जाऊन लिहीत बसायची. लहू दारात जाळं शिवत असायचा. पहिले काही दिवस ती आली की तो सुई थांबवून वर बघायचा. पुढे त्यानं बघायचं सोडलं.